ओट्याला रविवार नसतो

मुंबईतल्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मिळाली. मालकांनी ती आपण होऊन दिली नव्हती. ठाण्यात जन्मलेल्या, सत्यशोधकी वळणाच्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं मालकांचा पिच्छा पुरवला होता. १८८४ साली त्यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार करून फॅक्टरी कमिशनपुढे ठेवलं. त्यातल्या मागण्या फार साध्या होत्या. आठवड्यातून एकदा, रविवारी, सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं. पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हातात पडावा.

रविवारच का, तर तो खंडोबाचा वार, असा लोखंड्यांचा युक्तिवाद सांगतात. साहेबाला चर्चसाठी रविवार लागतो, मग आमच्या माणसानं देवाला कधी जायचं? मला या युक्तिवादाचं फार कौतुक वाटतं. 'आम्ही दमलोय' असं म्हटलं असतं तर मालकानं ऐकून घेतलं नसतं. दमलेल्या माणसाला आळशी म्हणणं सोपं असतं, पण देवाला नाही म्हणणं अवघड.

सुट्टी मिळण्याआधी, एप्रिलच्या २४ तारखेला, महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर कामगारांची मोठी सभा झाली. दहा हजार माणूस जमलं होतं आणि त्या सभेत गिरणीत राबणाऱ्या दोन बायकाही बोलल्या. इतिहासातली ही ओळ बहुतेक जण वाचून पुढे जातात. मी मात्र त्या दोघींपाशी अडकते. १० जूनला मंगळवार होता. म्हणजे हक्काचा पहिला रविवार आला तो १५ तारखेला, मृग लागल्यावर. त्या रविवारी गिरणीचा भोंगा झाला नसेल, पण पाणी भरायचं होतंच. आठवड्याचं धुणं तुंबलेलं असणार आणि पावसात ते वाळणार नसणार. नवरा घरी, पोरं घरी, कदाचित सुट्टीचं निमित्त साधून गावाकडचा कोणी दीरही आलेला. भाषण करून मिळवलेला तो रविवार त्या बाईनं कसा काढला असेल याची कल्पना करायला मला इतिहासाच्या पुस्तकाची गरज पडत नाही.

कारण आमच्याकडे डोंबिवलीला रविवार कसा असतो ते मला ठाऊक आहे. सोमवार ते शनिवार निदान घड्याळ आपल्या बाजूनं असतं. सव्वासातला डबे भरले की ओटा सुटतो. रविवारी मात्र सगळे घरात, सगळे निवांत, आणि निवांत माणसाला भूक फार लागते. नाश्त्याला इडली-चटणी. ती होते न होते तोच दुपारच्या मटणाचं वाटण. चार वाजता कोणीतरी आभाळाकडे बघून "भजी करायला हरकत नाही" असं म्हणतं. मध्येच आठवड्याच्या भाज्या निवडून डब्यांत भरायच्या, मिक्सरची भांडी घासायची, दळण टाकायचं, शाळेचा नाहीतर ऑफिसचा गणवेश इस्त्री करायचा. रात्री अंथरुणाला पाठ टेकताना सोमवार बरा वाटतो, हे नोकरी करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा.

यावर उपाय सांगणाऱ्यांची कमतरता नाही. आठ मार्चच्या आसपास वर्तमानपत्रांच्या पुरवण्या उघडल्या की उपायच उपाय असतात. पहाटे अर्धा तास लवकर उठा. गच्चीत एकटीनं चहा प्या. झोपण्यापूर्वी डायरी लिहा. दिवसातून दहा मिनिटं डोळे मिटून बसा. सगळं हिताचंच आहे आणि लिहिणाऱ्यांच्या हेतूवर मला शंका नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. हा अर्धा तास येतो कुठून? बाईच्याच झोपेतून. म्हणजे तिचीच पर्स उघडायची, त्यातूनच पाचशेची नोट काढायची आणि तिलाच ओवाळणी म्हणून घालायची. घरातल्या बाकी कोणाच्या दिवसाला धक्का लागत नाही. ओटा जिथल्या तिथे, चहाची वेळ जिथल्या तिथे. ज्या सल्ल्यानं घरात कोणाचंच काही बिघडत नाही, तो सल्ला सगळ्यांना आवडतो यात नवल नाही.

आपल्याकडे अंगाची निगा राखण्याचं शास्त्र जुनं आहे. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त दिनचर्येचा स्वतंत्र अध्याय आहे. त्यात रोज अंगाला तेल लावावं, विशेषतः डोक्याला, कानांना आणि पायांना, असं सांगितलं आहे. पुढे व्यायाम, उटणं, स्नान. आपण त्यातलं दिवाळीच्या पहिल्या आंघोळीपुरतं ठेवलं आणि तेही पहाटे पाचच्या अंधारात, बाहेर फटाके आणि आत फराळाची ताटं भरण्याची घाई अशा अवस्थेत. हे सगळं रोज उरकून आठ-अकराची फास्ट कशी गाठायची, ते मात्र वाग्भटानं लिहिलेलं नाही. त्याच्या डोळ्यांपुढचा गृहस्थ तेल स्वतः तापवत नसावा.

माझ्या आजीला वाग्भट माहीत नव्हता. तिच्याकडे काशाची वाटी होती. जड, बुडाशी गोल, कड थोडी दुमडलेली. आईचं माहेर चिपळूणजवळ. दिवाळीला नाहीतर मे महिन्यात आई आम्हाला घेऊन तिथे जायची आणि पहिल्याच रात्री जेवणं आटोपल्यावर आजी पडवीत पाट मांडून बसायची. आईनं भिंतीला टेकून पाय आजीच्या मांडीवर द्यायचा. आजी तळपायाला बोटभर तूप लावायची आणि वाटीच्या बुडानं गोल गोल घासायला लागायची. टाचेपासून वर, मग बोटांच्या बुडाशी, मग पुन्हा टाच. आधी तूप चकाकायचं, मग ते तळपायात जिरायचं, आणि थोड्या वेळानं पाय काळपट दिसायला लागायचा. काशाचा आणि तुपाचा तो रंग. आजी म्हणायची, "बघ, किती उष्णता साठली होती." मग दुसरा पाय. एवढं होईस्तोवर आई बसल्या जागी घोरायला लागलेली असायची. मुंबईच्या घरात सगळ्यांच्या शेवटी झोपणारी बाई पडवीत, डास चावत असताना, कंदिलाच्या उजेडात झोपून गेलेली मी तिथेच पाहिली.

आता हीच गोष्ट यंत्रावर मिळते. प्रदर्शनांत, मॉलच्या कोपऱ्यात काशाची तबकडी बसवलेली मशीनं असतात. खुर्चीत बसा, पाय ठेवा, पैसे द्या. मी एकदा बसलेही. बरं वाटलं. नाही कशाला म्हणू? पण आजीकडे बघताना एक गोष्ट ध्यानात यायची आणि यंत्रावर बसल्यावर ती अधिकच पटली. स्वतःच्या तळपायाला वाटी स्वतः नीट लावता येत नाही. वाकून, पाय मुडपून प्रयत्न करता येतो, पण दोन मिनिटांत कंबर भरून येते. त्याला दुसऱ्याचे हात लागतात, आणि त्या हातांना त्या वेळी दुसरं काम नसावं लागतं.

माहेरपण या सोयीबद्दल आपण हळवं होऊन फार लिहिलं आहे. मला त्यातली व्यवस्था दिसते. सासरच्या ओट्यापासून वर्षातून काही दिवस बाईची रीतसर सुटका. तिथे उशिरा उठलं तरी कोणी काही बोलत नाही, ताट समोर येतं, केसांना तेल लावून मिळतं. संस्कृतीनं मान्य केलेली ती रजा होती. फक्त त्या रजेच्या काळात चूल बंद नसायची. आमच्या चिपळूणच्या घरी ती मामीकडे असायची. आई पडवीत झोपून गेली की मामी मागच्या दारी भांडी घासत असायची. तो आवाज माझ्या कानात आहे. मामीच्या पायाला त्या घरात वाटी लागलेली मी कधी पाहिली नाही. तिची पाळी माघात, ती गुहागरला तिच्या आईकडे गेली की. तिथे तिची भावजय असणार. एका नणंदेचा आराम एका भावजयीच्या खांद्यावर. साखळी अशीच चालत गेलेली. वारीला निघालेल्या बायकाही पंढरपूरला माहेर म्हणतात. पण दिंडीचा मुक्काम पडला की भाकऱ्या थापायला बसतात त्याही बायकाच.

जुन्या बायकांच्या बोलण्यात आरामाची आणखी एक जागा यायची. "तेवढेच तीन दिवस पाठ टेकायची गं." कावळा शिवला की बाजूला बसायचं, कशाला हात लावायचा नाही, जेवणाचं पान दुरून सरकवलं जायचं. चौथ्या दिवशी न्हाऊन पुन्हा ओट्याशी. हल्ली या प्रथेचं समर्थन 'बायकांना तेवढीच विश्रांती' असं करणारे लोक भेटतात. चांगले शिकलेले असतात. त्यांना मी एवढंच विचारते, विश्रांती देण्यासाठी माणसाला आधी अस्पृश्य ठरवावं का लागत होतं? तिला 'दमली आहेस, बस' म्हणण्याची सोय त्या घरात नव्हती, म्हणून 'विटाळशी आहेस, बस' म्हणावं लागलं. खंडोबाच्या नावानं मागितलेल्या रविवारात निदान मान होता. आणि ज्या घरात दुसरी बाईमाणूस नसायची तिथे हा विटाळ गुपचूप सोयीनं विसरला जायचा, हेही त्याच जुन्या बायकांनी सांगितलेलं आहे.

मग आली नोकरी आणि नोकरीबरोबर लोकल. बायकांच्या डब्यावर लिहायला सगळ्यांना आवडतं. पश्चिम रेल्वेवर ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली अशी फक्त बायकांची गाडी सुरू झाली, तेव्हा तर तिचं जगभर कौतुक झालं. आमच्या मध्य रेल्वेच्या डब्यातही सगळं काही होतं. दसऱ्याच्या आदल्या कामाच्या दिवशी झेंडूची तोरणं लागतात, मार्गशीर्षात हळदीकुंकू होतं, एखादीचं डोहाळजेवणही उरकतं. आणि भाजी निवडली जाते. चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेली एखादी मांडीवर पिशवी घेते, मेथीची जुडी सोडते, देठ एका पिशवीत, पानं दुसऱ्या. कुर्ला येईपर्यंत मेथी संपते, मग वाटाणे. दोन शेंगा शेजारच्या अनोळखी बाईच्या हातात आपोआप जातात आणि तीही सोलायला लागते. हे दृश्य टिपलेले फोटो मी पुष्कळ पाहिले आहेत, खाली 'सलाम' वगैरे लिहिलेले. मला त्या सलामाचा राग येतो. दिवसभरात तिला बसायला मिळालेला तो एकच तास, तोही रात्रीच्या जेवणाकडे गहाण पडलेला, आणि त्यावर टाळ्या!

मला आवडते ती दुसरी बाई. ती गाडीत शिरते, जागा मिळाली की समोरचीला सांगते, "डोंबिवली आलं की उठवा हां," आणि तोंड उघडं टाकून सरळ झोपते. पर्स पोटाशी घट्ट, मान डोलते आहे, घाटकोपर, मुलुंड, ठाणे जाताहेत. कोणाची ओळख नाही, पण तिला उठवायचं आहे हे तीन-चार जणींच्या लक्षात असतं. मुंब्रा गेलं की त्यांची नजर तिच्याकडे वळायला लागते. तिला तिथे जे मिळतं ते गच्चीतल्या चहातून मिळणार नाही. आपण झोपलो तरी जग चुकणार नाही, आपलं स्टेशन दुसऱ्या कोणाला तरी माहीत आहे.

हिशेबही सांगते, कारण आकड्यांशिवाय हल्ली कोणी काही मानत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभर माणसं दिवसाचा वेळ कसा घालवतात याची पाहणी केली. घरच्या बिनपगारी कामात असलेल्या बायकांची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं निघाली, पुरुषांची ९७. आणि ही ९७ मिनिटं सगळ्या पुरुषांची नव्हेत. जे काम करत होते त्यांचीच, आणि असे पुरुष होते शंभरातले सव्वीस. २०२४ ला पुन्हा पाहणी झाली. बायकांची मिनिटं २९९ वरून २८९ वर आली. दहा मिनिटं वाचली, छान झालं. पण पुरुषांची ९७ वरून ८८ झाली. बायकांची दहा मिनिटं पुरुषांनी उचलली म्हणावं, तर त्यांचीही नऊ मिनिटं कमीच झालेली. ते काम बहुधा मिक्सर-वॉशिंग मशीननं आणि आमच्या स्टेशनाबाहेरच्या पोळीभाजी केंद्रानं उचललं असावं.

या पोळीभाजी केंद्रांवर एकदा कोणीतरी पोवाडा रचायला हवा. संध्याकाळी सातला डोंबिवलीच्या कुठल्याही रस्त्यावर त्यांच्यापुढे रांग असते. रांगेत मान खाली घालून फोन बघणारे पुरुषही असतात, ही सुधारणाच म्हणायची. आतमध्ये मात्र तव्यापाशी तीन बाया. एक लाटते, एक भाजते, एक चवडी मोजून कागदात गुंडाळते. माझी वाचलेली पाऊण तासाची संध्याकाळ त्यांच्या संध्याकाळीतून आलेली असते. मी पैसे मोजते, त्यामुळे मामीच्या वेळेपेक्षा हा व्यवहार स्वच्छ आहे, हे मला मान्य आहे. आमच्या धुण्याभांड्याच्या ताईंचंही तेच. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला होता. पगारवाढीबरोबर त्यांनी पगारी सुट्टीही मागितली होती. लोखंड्यांच्या निवेदनाला तेव्हा शंभराच्या जवळ वर्षं झाली होती आणि दुसऱ्याच्या घरचा ओटा धुणारी बाई अजून रविवारच मागत होती. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला. तरीही सोसायटीच्या जिन्यात आजही बोलणं ऐकू येतं ते खाड्यांचे किती कापायचे याचंच.

माझी एक ऑफिसातली मैत्रीण इगतपुरीला विपश्यनेला जाऊन आली. दहा दिवस मौन, फोन जमा, पहाटे चारला घंटा. १९७६ पासून ते केंद्र चालू आहे आणि तिथे फी घेत नाहीत. ती आली तेव्हा चेहरा उजळला होता, खोटं कशाला सांगू? पण जाण्याआधीचा आठवडा मी पाहिला होता. फ्रीजरमध्ये वाटणाचे डबे, प्रत्येकावर चिकटपट्टी, पट्टीवर वार. बुधवार, गुरुवार. फ्रीजच्या दारावर कागद: दूधवाल्याचे पैसे, सिलिंडरचा नंबर, पप्पांच्या गोळ्या सकाळी कुठल्या आणि रात्री कुठल्या. मन रिकामं करायला जाण्याआधी तिला घर एवढं भरून ठेवावं लागलं. तिच्या नवऱ्याला साध्या दौऱ्यावर जाताना बॅगेत फक्त चार्जर आहे ना एवढंच बघावं लागतं.

पुरुषांना सगळं आयतं मिळतं असा सूर मी लावणार नाही. आमचे हे सहा दिवस डोंबिवली-दादर उभ्यानं करतात आणि त्यांच्या गुडघ्यांनाही काशाची वाटी चालेल. पण मला दिसतं ते एवढंच, की दमलेल्या पुरुषाला घरी आल्यावर बसायची जागा ठरलेली असते. पुण्याच्या दुपारी एक ते चारच्या बंद दुकानांवर आपण किती विनोद केले! चितळ्यांनी २०१७ साली दुपारी दुकान उघडं ठेवायचं ठरवलं तर त्याची बातमी झाली. मला स्वतःला त्या बंद दाराबद्दल आदर आहे. गिऱ्हाईक आलं तरी उठायचं नाही, जेवून डाव्या कुशीवर पडायचं, हा हक्क कोणीतरी पाटी लावून बजावत होतं. फक्त त्या दाराच्या मागे, वरच्या मजल्यावर, त्याच वेळी दुपारच्या जेवणाची भांडी पडलेली असायची.

मागच्या वर्षी मीही पाटी लावली. शनिवारी रात्री जेवताना सांगितलं, "उद्यापासून रविवारी दुपारी बारापर्यंत मी ओट्याशी येणार नाही. गॅस पेटवायचा तर ज्याला हवं त्यानं पेटवावा."

हे म्हणाले, "अगं, बाहेरून मागवू की. इडली मागवू."

"मागवायची तर मागवा. पण मग ताटं कोण घेणार आणि नंतर कोण घासणार तेही आत्ताच ठरवा."

मुलगा म्हणाला, "आई, तू चिडलीयेस का?" मी चिडले नव्हते. बाई काही मागते ती चिडल्याशिवाय मागतच नसेल असा घराचा समज असतो, तो दूर व्हायला वेळ लागतो.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, अठ्ठ्याहत्तरच्या. त्या काही न बोलता भात कालवत होत्या. मला वाटलं, आता 'आमच्या वेळी' सुरू होईल. भात संपला, ताक संपलं, बोटं ताटाच्या कडेला निपटली आणि त्या म्हणाल्या, "मग माझा वार कुठला?"

आम्ही सगळे बघत राहिलो. पहाटे साडेपाचला घरातला पहिला चहा त्यांचा असतो. कुकर लावणं, दूध तापवणं, मी ऑफिसातून येईपर्यंत कोथिंबीर निवडलेली, लसूण सोललेली. हे त्या काम म्हणून करतात हे घरातल्या कोणाच्याच डोक्यात नव्हतं. "मला गुरुवार द्या," त्या म्हणाल्या. "शेजारच्या गल्लीत भजनी मंडळ आहे. मी चारला जाईन ती आठला येईन. आल्यावर मला आयतं जेवण हवं. आणि सकाळचा चहाही त्या दिवशी मी करणार नाही." एवढं बोलून ताट उचलायला उठल्या आणि मग काय वाटलं कोण जाणे, ताट तिथेच ठेवून हात धुवायला गेल्या.

पुढचा महिना कसा गेला ते फार खुलवून सांगण्यासारखं नाही. रविवारी ताईंनाही सुट्टी द्यायची असं ठरलं, पगार न कापता, कारण आमच्या घराला रविवार आणि त्यांना नाही हे जमणारं नव्हतं. त्यामुळे भांडी उरली. माझ्याकडून निघालेलं काम आईंकडे जाऊ शकत नव्हतं, ताईंकडे जाऊ शकत नव्हतं, ते फिरत फिरत आमच्या ह्यांच्यापाशी आलं आणि तिथेच थांबलं. पुढे ढकलायला खाली कोणी उरलंच नव्हतं. पहिल्या रविवारी भांड्यांना साबण राहिला. दुसऱ्या रविवारी मुलानं यूट्यूब बघून पोहे करायला घेतले आणि ते भिजवायला ठेवून आंघोळीला गेला, त्याचा चिखल झाला. आम्ही तो खाल्ला. ह्यांनी एकदा कुरकुर केली, "रविवारची मजाच गेली." आई आतून म्हणाल्या, "तुझी गेली."

आणि त्या सकाळी मी करते तरी काय? लोकांना हे ऐकायची भारी उत्सुकता असते. त्यांना वाटतं, ही सतार शिकायला जात असेल, निदान योगासनं. मी काहीही करत नाही. उशिरा उठते. वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी पहिल्या पानापासून शेवटच्या शब्दकोड्यापर्यंत वाचते. कधी आईंच्या पायाला वाटी लावते, कधी त्या माझ्या. आजीची ती वाटी मामीनं मला दिली. तिला माझ्या पायांना ती लावायची इच्छा होती, पण तिचे हात आता थरथरतात. एकदा चिपळूणला गेले तेव्हा मामीला पडवीत बसवून मीच तिच्या पायाला लावली. "अगं, नको, माझी सवय नाही," असं ती दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली नाही.

शेजारीण परवा म्हणाली, "तुमच्याकडे जमतं बाई, आमच्याकडे नाही जमायचं." जमत नाहीच. गिरणीमालकांनाही सहा वर्षं जमत नव्हतं, धंदा बुडेल म्हणत होते. रविवार मिळाला, धंदा चालू राहिला, आणि पुढच्याच वर्षी, १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात, आठवड्याची सुट्टी लिहूनच आली. तेव्हा पहाटे अर्धा तास लवकर उठायचा बेत करत असाल तर तूर्त तो बाजूला ठेवा. जेवणाच्या टेबलावर सगळे जमले की आपला वार मागा, आणि मागून झालं की घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला तिचा वार विचारा. आमच्याकडे यायचं असेल तर रविवारी बारानंतर या. आधी आलात तरी अडचण नाही, चहा ह्यांच्या हातचा मिळेल. साखर जरा जास्त असते.